कुडाळला जगभरची मंडळी बोलवायची असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळ-सावंतवाडी भागात तुमचा दहा-बारा जणांचा मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा गट आहे. त्यात दोन प्राध्यापक, काही विद्यार्थी आणि मुंबई-पुण्याची नोकरी गावच्या घरून करणारे काही जण आहेत. दरवर्षी नव्या देशात भरणारी एखादी आंतरराष्ट्रीय परिषद कोकणात आणावी, असं तुमच्या मनात आहे. तारकर्लीला समुद्राकाठचं एक रिसॉर्टही तुम्ही पाहून ठेवलं आहे. प्रस्ताव कसा लिहायचा, किती आधी कामाला लागायचं आणि मुळात कोकणात हे जमेल का, असं तुम्ही विचारता. अशा फिरत्या परिषदांच्या आयोजनात मी बरीच वर्षं काम करत आलो आहे. कधी यजमान गटात होतो, कधी जागांचे प्रस्ताव तपासणाऱ्यांत. त्या अनुभवावरून लिहितो.

जमेल. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीची वार्षिक परिषद, म्हणजे डेबकॉन्फ, २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात, तळ्याच्या वर असलेल्या शिबिराच्या जागेत भरली होती. २०२२ साली ती कोसोव्होतल्या प्रिझ्रेनला झाली. पुढच्याच वर्षी नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरची जागतिक परिषद, फॉसफोरजी, त्याच गावात आणि त्याच आवारात झाली. ते आवार म्हणजे जर्मन सैनिकांची जुनी छावणी. प्रिझ्रेन ही राजधानी नाही, आणि बाहेरून येणारा माणूस प्रिश्तिनाच्या विमानतळावर उतरून पुढे रस्त्याने जातो. तरीही लागोपाठ दोन वर्षं दोन मोठ्या परिषदांनी त्या गावावर विश्वास टाकला, कारण कोसोव्होतले कार्यकर्ते २००९ पासून स्वतःची वार्षिक परिषद भरवत आले होते. त्यांचं काम आधीच दिसत होतं. २०२३ ची डेबकॉन्फ कोचीला झाली. तिच्याआधी काही महिन्यांत पालक्काड आणि विळुपुरम या गावांत छोट्या डेबियन परिषदा होऊन गेल्या होत्या.

म्हणून तारकर्लीच्या रिसॉर्टला आगाऊ रक्कम देऊ नका. आधी कुडाळमध्येच दोन दिवसांची, साठ-सत्तर माणसांची परिषद भरवा. त्यात बाहेरच्या राज्यांतले चार-पाच वक्ते असू द्यात. त्या दोन दिवसांत तुमच्या गटातलं कोण हिशेब ठेवतं, कोण रात्री अकरा वाजता फोन उचलतं आणि कोण नुसतं फोटोपुरतं येतं, हे तुम्हाला कळेल. प्रस्ताव तपासणारे लोक सर्वांत आधी हेच शोधतात. सुंदर किनारा जगात पुष्कळांकडे आहे. जमून काम केलेल्या माणसांचा गट फार थोड्यांकडे असतो.

आता मुख्य गोष्ट. परिषद जागा बदलते तेव्हा बाकीचं शक्य तितकं कमी बदलायला हवं. नवा यजमान गट उत्साहात सगळंच नव्याने उभारायला निघतो: नोंदणीचं संकेतस्थळ, भाषणं निवडायची पद्धत, चित्रीकरणाची सामग्री, बॅजचा आराखडा. तुमच्यातल्या विद्यार्थ्यांनाही ते संकेतस्थळ बनवावंसं वाटेल आणि ते छान बनवतीलही. तरी त्यांना थांबवा. भाषणांचे प्रस्ताव, नोंदणी, शिष्यवृत्त्या, चित्रीकरण, मोठ्या प्रायोजकांशी बोलणी आणि आचारसंहितेच्या, म्हणजे सहभागींच्या वागणुकीबद्दलच्या तक्रारी ही कामं परिषदेच्या कायमच्या जागतिक गटाकडेच राहू द्यात. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं वापरून घासलेली साधनं असतात. भाषणांसाठी प्रीटॅल्क्स, चित्रांच्या जुळणीसाठी वॉक्टोमिक्स, शिवाय मागच्या वर्षांच्या याद्या आणि पत्रांचे नमुने. यजमानांनी जागा, मुक्काम, जेवण, वाहतूक, परवानग्या, दवाखाना, वीज आणि इंटरनेट सांभाळायचं. यातलं एकही काम बर्लिनमध्ये किंवा साओ पाउलोत बसून होत नाही, आणि तुमचं बळ नेमकं तिथेच आहे.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये शहरं बदलत भरणाऱ्या, लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या परिषदेत एक फार चांगली प्रथा होती. मागच्या वर्षांचे आयोजक नव्या शहरात येऊन नव्या गटाबरोबर बसायचे, जागा पाहायचे आणि अडचणीचे प्रश्न विचारायचे. तुमचा प्रस्ताव मंजूर झाला तर तुम्हीही असं बोलावणं करा, आणि त्यांचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

त्याच परिषदेचं दुसरं उदाहरण कोकणासाठी अधिक मोलाचं आहे. जानेवारी २०११ मध्ये ती ब्रिस्बेनला ठरली होती. परिषद तोंडावर आली असताना शहरात मोठा पूर आला आणि ठरलेलं विद्यापीठाचं आवार वापरता येईना. आयोजकांनी थोड्याच दिवसांत त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या आवारात सगळं हलवलं आणि परिषद ठरल्या तारखांना झाली. दुसरी जागा माहीत होती आणि ती देणारी माणसं ओळखीची होती, म्हणूनच हे शक्य झालं. प्रस्तावात पर्यायी जागा लिहायची असते ती अशी, फोन केला की दार उघडेल अशी. उलट बाजूचं उदाहरणही आहे. २०१२ ची फॉसफोरजी बीजिंगला ठरली होती, ती रद्द करावी लागली. असं झालं की यजमानांइतकाच धक्का मूळ समुदायाला बसतो. म्हणून निवड समितीने खोदून खोदून विचारलं तर ते अविश्वासाचं लक्षण मानू नका.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे. दीडशे ते दोनशे माणसं, त्याहून जास्त नाहीत. कुडाळ, ओरोस, सावंतवाडी मिळून बऱ्या खोल्या किती आहेत ते फिरून मोजा. त्यातल्या लग्नसराईत अडकणाऱ्या वजा करा आणि उरतील त्यांच्यावर आकडा ठरवा. हजार माणसांची परिषद हवी असेल तर ती मुंबई किंवा पुण्यातच व्हायला हवी. कोकणात मावेल एवढीच परिषद बोलवायची. आलेल्या प्रत्येकाला नीट झोप, नीट जेवण आणि नीट इंटरनेट जोडणी मिळाली, तर दोनशे माणसांची परिषद हजारांच्या परिषदेपेक्षा जास्त काम करून जाते.

तारकर्लीऐवजी कुडाळ किंवा ओरोसजवळचं एखादं निवासी कॉलेज निवडावं असं मी सुचवतो. कुडाळला कोकण रेल्वेचं स्थानक आहे, मुंबई-गोवा महामार्ग बाजूने जातो, आणि गोव्याच्या मोपा विमानतळावरून गाडीने तास-सव्वा तासात पोचता येतं. जवळ दिसतं म्हणून चिपी विमानतळावर मुख्य योजना उभी करू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सुरू झाला खरा, पण तिथली विमानसेवा मधूनमधून बंद पडत आली आहे. ज्या आठवड्यात तुम्हाला हवी त्या आठवड्यात ती असेलच, असं धरता येणार नाही. समुद्रकाठी मुक्काम ठेवला तर माणसं दहा-पंधरा घरांत विखुरतात, प्रत्येक सत्राला गाड्या फिरवाव्या लागतात आणि रात्रीच्या गप्पा तुटतात. अशा परिषदेचं निम्मं काम रात्री जेवणानंतर व्हरांड्यात लॅपटॉप उघडून होतं. वसतिगृहाच्या साध्या खोल्या आणि एक मोठा व्हरांडा असला की पुरे. समुद्र एका दिवसाच्या सहलीसाठी ठेवा. निवासी आवार तुमच्या भागात मिळालंच नाही, तर लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ किंवा दापोलीचं कृषी विद्यापीठ असे पर्याय आहेत. पण मग यजमान गट तिथला हवा. कुडाळात बसून दापोलीची परिषद चालवता येणार नाही.

महिना ठरवताना सर्वांत जास्त वेळ द्या. जून ते सप्टेंबर पाऊस, हे सांगायला नको. पण मेचा उत्तरार्धही सोडा. १७ मे २०२१ च्या सुमाराला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर दापोली-मंडणगड भागात कितीतरी वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. पावसाळ्यानंतरही ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात. नोव्हेंबर २००९ चं फयान कोळीवाड्यांना अजून आठवतं. एप्रिल-मेमध्ये चाकरमानी गावी येतात, आंब्याचा हंगाम असतो, गाड्यांना जागा नसते आणि घरोघरी पाहुणे असतात. गणपतीत तर विचारूच नका. नाताळ ते नववर्ष हा काळ पर्यटकांचा, तेव्हा खोल्यांचे दर दुप्पट-तिप्पट. फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू होतात, मग कॉलेजच्या इमारती परीक्षा केंद्रांसाठी जातात. शिमग्यात गावातली माणसं पालखीच्या मागे असतात आणि ती तिथेच असायला हवीत.

उरतो जानेवारी. त्यातही संक्रांत उलटल्यावरचा आठवडा मला सर्वांत योग्य वाटतो. हवा कोरडी, रात्री थंड, विहिरींना पाणी असतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रसेल्सला फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरची मोठी परिषद भरते. तिथे जाणारी युरोपीय मंडळी त्याच आठवड्यात इकडे येणार नाहीत, म्हणून दोन्हींच्या मध्ये निदान दहा दिवस ठेवा. चिनी नववर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, तेही पाहा. तैवान, मलेशिया, सिंगापूरची माणसं तेव्हा घरी जातात. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या आल्या तर खोल्यांचा प्रश्न परत उभा राहतो. आणि एक खास तुमच्या भागातली गोष्ट, जी बाहेरच्या समितीला सुचणारच नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तिथीवर ठरत नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग जाहीर होते. ती बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, पण त्या दोन दिवसांत कुडाळ, कणकवली, मालवणकडचे रस्ते आणि रेल्वेगाड्या भरून वाहतात. तुमच्या तारखा जानेवारीअखेरीकडे सरकत असतील तर आंगणेवाडीतल्या मंडळींशी आधीच बोलून ठेवा. निवडणुकांकडेही लक्ष हवं. निवडणूक लागली की कॉलेजची इमारत, एसटीच्या गाड्या आणि प्राध्यापक तिन्ही एकदमच सरकारी कामाला जातात.

यावरून कामाची सुरुवात कधी करायची ते आपोआप ठरतं. प्रस्ताव परिषदेच्या दीड ते दोन वर्षं आधी जायला हवा. मंजुरीनंतरचे पहिले सहा महिने परवानग्या आणि पैशांची वाट बांधण्यात जातात. हाच भाग नव्या गटांना हलका वाटतो.

परवानग्यांचं असं. परदेशी पाहुणे पर्यटक व्हिसावर बोलावून भाषणं करायला लावू नका. परिषदेसाठी वेगळा व्हिसा असतो. त्यासाठी आयोजकांना परराष्ट्र मंत्रालयाची आणि गृहमंत्रालयाची मंजुरी घ्यावी लागते. अर्जावर नोंदणीकृत संस्थेचं नाव लागतं, म्हणून एखादं कॉलेज किंवा विद्यापीठ सह-आयोजक असलं की काम पुष्कळ सोपं होतं. पाकिस्तान, अफगाणिस्तानसारख्या काही देशांच्या नागरिकांची वेगळी सुरक्षा तपासणी होते आणि तिला वेळ लागतो. अशा सहभागींची नावं सर्वांत आधी गोळा करा, नाहीतर मंजुरी येईपर्यंत परिषद होऊन जाते आणि माणूस दुखावतो. निमंत्रणपत्रात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून लिहा.

परदेशी माणूस ज्या खोलीत राहील तिच्या मालकाने २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. लॉजवाले याला सी-फॉर्म म्हणतात. हॉटेलांना हे माहीत असतं. निवास-न्याहारी चालवणाऱ्या घरगुती मंडळींना बहुधा माहीत नसतं, आणि वसतिगृहाच्या रेक्टरनाही नाही. दोन महिने आधी त्यांना एकत्र बसवून नोंदणी करून घ्या. जिल्हा पोलिसांच्या परदेशी नागरिक कक्षाला स्वतः जाऊन भेटा, पाहुण्यांची यादी आणि मुक्कामाचे पत्ते द्या. सरळ जाऊन सांगितलं की सिंधुदुर्गात सहकार्य मिळतं.

पाहुण्यांना पाठवायच्या सूचनापत्रात दोन गोष्टी ठळक लिहा. उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी गिर्यारोहकांची छोटी यंत्रं भारतात परवानगीशिवाय आणता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळांवर यावरून परदेशी प्रवाशांना अटकेपर्यंत जावं लागलं आहे. आपल्या परिषदांना येणाऱ्या हौशी मंडळींच्या बॅगेत असली यंत्रं हमखास असतात. ई-सिगारेटवरही २०१९ पासून बंदी आहे. हे त्यांना निघण्याआधी कळायला हवं.

पैशाची वाट पहिल्याच महिन्यात सनदी लेखापालाबरोबर बसून आखा. बऱ्याच गटांची कल्पना अशी असते की एक ट्रस्ट काढू आणि परदेशी कंपन्यांकडून देणगी घेऊ. परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी नसेल तर ती देणगी घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी आणि काम केलेली असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. तेव्हा वर्षभरात नवी संस्था काढून हे होणार नाही. व्यवहार्य मार्ग असा: परदेशी प्रायोजकांचा पैसा समुदायाच्या मूळ छत्रसंस्थेकडे जाऊ द्या. डेबियनसाठी असं काम १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था करते. त्या पैशातून परदेशी पाहुण्यांच्या प्रवासाच्या शिष्यवृत्त्या तिकडूनच चुकत्या कराव्यात. इथला खर्च इथल्या नोंदणीशुल्कातून आणि भारतीय प्रायोजकांतून भागवा. प्रायोजकत्वावर १८ टक्के जीएसटी असतो, तो आकडा पहिल्याच बोलण्यात सांगा. जेवण, मंडप, जनरेटर यांचे व्यवहार गावात ओळखीवर तोंडी ठरतात. परिषदेसाठी प्रत्येकाशी एक पानाचा का होईना, मराठीत लेखी करार करा. त्यात रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल ते असलंच पाहिजे.

प्रवासाच्या शिष्यवृत्त्यांचा निर्णय लवकर घ्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या पहिल्या दिवशीच भरतात. देशातल्या विद्यार्थ्यांना पैसे मिळणार की नाही हे त्याआधी कळलं नाही तर ते येऊ शकत नाहीत. मोपा आणि कुडाळ स्थानकावरून आणण्यासाठी एसटी प्रासंगिक करारावर घ्या. एकेका माणसासाठी टॅक्सी पाठवण्यापेक्षा दिवसाच्या ठरावीक वेळांना गाडी सोडणं स्वस्त पडतं, आणि नवखा माणूस हरवत नाही.

आता इंटरनेट आणि वीज. यावर परिषदेची अब्रू ठरते.

माणशी दोन-अडीच उपकरणं धरा. दोनशे माणसं म्हणजे पाचशेच्या आसपास. साध्या राउटरच्या जाळ्यात उपकरणांना द्यायला २५४ पत्ते असतात, ते सकाळच्या चहाआधी संपतात. मोठं जाळं आखा, पत्ते थोड्या वेळासाठीच द्या, आणि सभागृहात एका मोठ्या राउटरऐवजी कमी शक्तीची चार-पाच वायफाय केंद्रं लावा. कोकणातल्या जुन्या इमारतींच्या भिंती जाड जांभ्या दगडाच्या असतात. त्यातून वायफायचा पाच गिगाहर्ट्झचा संकेत पलीकडे जवळजवळ जात नाही, म्हणून प्रत्येक खोलीत स्वतंत्र केंद्र आणि तिथवर केबल हवी. जागा बघायला जाल तेव्हा लॅपटॉप आणि एक राउटर बरोबर न्या आणि भिंतीपलीकडे जाऊन प्रत्यक्ष मोजा.

बाहेरची जोडणी दोन वेगळ्या कंपन्यांची घ्या. एवढ्यावर थांबू नका. त्यांच्या केबली कोणत्या रस्त्याने येतात ते विचारा. महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडणं तुमच्याकडे नवं नाही. दोन्ही कंपन्यांच्या केबली एकाच गटाराच्या कडेने येत असतील तर दोन जोडण्यांना काही अर्थ नाही. तिसरी सोय म्हणून मोबाइल डेटा धरायचा असेल तर सभागृह भरलेलं असताना तपासा, रिकाम्या सभागृहातला वेग काही सांगत नाही.

आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट: जे बाहेरून ओढलं जाणार आहे ते आवारातच आणून ठेवा. लिनक्सच्या पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची स्थानिक प्रत, कार्यशाळांना लागणारे कंटेनर, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेले सॉफ्टवेअरचे संच, नकाशांच्या डेटाची भारतापुरती फाइल, हे सगळं एका बऱ्याशा संगणकावर आठवडाभर आधी उतरवून ठेवलं की कार्यशाळेत चाळीस जणांनी एकदम डाउनलोड सुरू केलं तरी बाहेरच्या जोडणीला कळतही नाही. पॅकेजांचं पूर्ण भांडार आणू नका, लागणाऱ्या प्रोसेसरपुरतं आणा. हे काम तुमच्या विद्यार्थ्यांना द्या. संकेतस्थळापेक्षा यात ते जास्त शिकतील.

विजेसाठी महावितरणच्या स्थानिक अभियंत्यांना भेटून देखभालीसाठी कोणत्या वारी लाइट जाते ते विचारा आणि त्या आठवड्यापुरती तारीख पुढे-मागे करता येईल का ते पाहा. जनरेटर सभागृहापुरता नको, वसतिगृहाच्या पंपालाही हवा. लाइट गेल्यापासून जनरेटर सुरू होईपर्यंतच्या मिनिटाभरात चित्रीकरण आणि नेटवर्क बंद पडू नये म्हणून त्या दोन्हींना यूपीएस लावा. ध्वनी आणि चित्रीकरण मात्र जागतिक गटाच्या हातात द्या, त्यांना तुमचे सहा-सात स्वयंसेवक द्या आणि दोन दिवस आधीपासून सराव करू द्या.

थेट प्रक्षेपण होणार असेल तर महत्त्वाची भाषणं दुपारी ठेवा. आपल्याकडे तीन वाजतात तेव्हा टोकिओत संध्याकाळचे साडेसहा आणि बर्लिनमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेदहा असतात. न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेचार, तिथल्यांसाठी ध्वनिचित्रफीतच. उद्घाटन अर्ध्या तासात संपवा. सत्कार, दीपप्रज्वलन, मान्यवरांची मनोगतं यांचं महत्त्व मला कळतं आणि गावाच्या मदतीवर हे उभं राहणार आहे, म्हणून मानपान टाळू नये. ते आदल्या संध्याकाळी गावासाठी खुला कार्यक्रम करून मनापासून करा, मराठीत करा. सकाळचं वेळापत्रक मग सैल होत नाही.

जेवणाबद्दल तुमच्या बचत गटांवर पूर्ण भरवसा ठेवा, फक्त त्यांच्याबरोबर बसून एक तक्ता बनवा. घावणे, आंबोळ्या, उसळी, फणसाची भाजी, सोलकढी: यातलं बरंचसं दूध-तूप न खाणाऱ्यांना चालतं, आणि घावणे गहू न चालणाऱ्यांनाही. धोका वेगळीकडे आहे. आपल्या वाटणात आणि भाज्यांत काजू सहज पडतो, आणि सुकट-जवळा कधी कधी भाजीतही असतो. काजूची किंवा कोळंबीची अॅलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. प्रत्येक पातेल्यापुढे मराठी-इंग्रजीत पाटी हवी. हलाल आणि जैन जेवणाची मागणी नोंदणीतच विचारून घ्या.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी जागा स्वतः फिरून पाहा. जांभ्याच्या पायऱ्या, उंच उंबरे, बाहेरच्या बाजूला असलेली न्हाणीघरं ही आपल्याला सवयीची असतात म्हणून दिसत नाहीत.

सहल. हा मजकूर मी दर वेळी लिहितो आणि दर वेळी तितक्याच गांभीर्याने लिहितो. कोचीच्या डेबकॉन्फमध्ये, सप्टेंबर २०२३ मध्ये, सहलीच्या दिवशी कयाकिंग करताना समुदायातला एक तरुण कार्यकर्ता मरण पावला. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोन माणसं गेली. समुद्र तुमच्या अंगणात आहे, तुम्हाला त्याची रीत ठाऊक आहे; ऑस्ट्रियाहून किंवा मंगोलियाहून आलेल्याला ती ठाऊक नाही. परिषदेच्या नावाखाली पोहणं, कयाक, स्कूबा यातलं काहीही आयोजित करू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याला जायचं तर परवानाधारक होडी, प्रत्येकाच्या अंगावर बांधलेलं लाइफ जॅकेट, चढताना आणि उतरताना शिरगणती, आणि वारा पडलेला नसेल तर फेरी रद्द करायचा अधिकार एकाच माणसाकडे, ज्याच्याशी कुणी वाद घालणार नाही. २०२५ मध्ये हा किल्ला विजयदुर्ग, सुवर्णदुर्गासह मराठा किल्ल्यांच्या गटातून जागतिक वारसा यादीत आला आहे, तेव्हा लोकांना तो पाहायचा असणारच. ज्यांना पाण्यावर जायचं नाही त्यांच्यासाठी जमिनीवरची दुसरी सहल ठेवा. कातळशिल्पं पाहायला सड्यावर नेलंत तर नकाशावाली मंडळी तिथून हलणार नाहीत.

गंभीर रुग्ण तुमच्या भागातून बहुधा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नेतात. आवारापासून तिथवर रात्री किती वेळ लागतो ते गाडी चालवून पाहा. परिषदेचे सगळे दिवस एक रुग्णवाहिका आणि चालक आवारात हवा, १०८ वर विसंबून राहू नका. आचारसंहितेच्या तक्रारी घेणाऱ्यांत तुमच्या गटातली एक तरी मराठी बोलणारी स्त्री असावी, कारण तक्रार परदेशी पाहुण्याचीच असेल असं नाही. ती स्वयंपाकघरातल्या ताईची किंवा बारावीनंतरच्या स्वयंसेवक मुलीचीही असू शकते.

परिषदेतून कोकणाला काय मिळावं, हे प्रस्तावातच लिहा. माझी सूचना आहे की मुख्य दिवसांच्या आधी तीन-चार दिवसांचं कामाचं शिबिर ठेवा, डेबकॉन्फला आधीचा आठवडा असाच कामासाठी असतो. त्यात एक गट मराठी भाषांतराचा असू द्या. दुसरा ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवायच्या मुक्त नकाशाचा, जो तुमच्या तालुक्यातल्या वाड्या, पाणंदी, साकव नकाशावर आणेल. गावाचं नाव नकाशावर असतं, पण वाडी नसते, आणि वादळानंतर मदत पोचवायची असते ती वाडीवर. बाहेरून आलेल्या जाणत्या माणसांबरोबर बसून तुमची मुलं हे तीन दिवसांत शिकतात आणि पुढे स्वतः करत राहतात.

आणि हे सगळं चालू असताना पुढच्या वर्षीच्या यजमान गटातल्या दोघांना तुमच्याकडे राबायला बोलवा. पाहुणे म्हणून नको, एकाला मुक्कामाच्या कामात आणि एकाला हिशेबात बसवा. परिषद संपल्यावर महिन्याभरात खर्चाचा पूर्ण हिशेब, पुरवठादारांशी केलेल्या करारांचे नमुने, परवानग्यांच्या अर्जांच्या प्रती आणि कोणत्या कामाला खरोखर किती दिवस लागले त्याची नोंद जागतिक गटाच्या भांडारात टाका. सामायिक खात्यांचे पासवर्ड त्यांच्या हवाली करा. चित्रफिती पडताळून चढवायला दोन माणसं नेमून ठेवा, कारण त्या वेळी बाकी सगळे दमून घरी गेलेले असतात.

तुमची दोन दिवसांची कुडाळची परिषद ठरली की तारीख कळवा. प्रस्तावाचा पहिला मसुदा त्यानंतरच लिहायला घ्या, आणि लिहिलात की पाठवा. मी ओळ न् ओळ वाचेन.